किल्ली चिपच्या पोटात: फोन-लॅपटॉप घेताना, वापरताना, दुरुस्तीला देताना

"ताई, बोर्ड गेला तर जाऊ दे, फोटो तेवढे काढून द्या." माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. सांगलीत मी फोन आणि लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डांची दुरुस्ती करते. पूर्वी या मागणीत काहीच अवघड नव्हतं. बोर्ड जळाला तरी हार्ड डिस्क वेगळी असायची. चार स्क्रू काढायचे, डिस्क डॉकमध्ये लावायची, फोल्डर उघडायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरादारांत शिरलं, तेव्हा चिखलातून निघालेल्या कितीतरी डिस्कचे पीसीबी (सर्किटच्या पट्ट्या) आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन, वाळवून आम्ही त्या बोलत्या केल्या. लग्नाचे अल्बम, दुकानांच्या टॅलीच्या फायली, सगळं परत मिळालं.

आता ते दिवस गेले. प्रोसेसर, सुरक्षेचा भाग, स्टोरेजचा कंट्रोलर आणि त्यावर चालणारी सिस्टीम हे सगळं एकाच कंपनीनं एकमेकांसाठी घडवलेलं असलं, की चोराला तुमचा डेटा मिळत नाही. आणि ज्या कारणानं त्याला मिळत नाही, त्याच कारणानं मलाही मिळत नाही. हे आधी नीट समजून घ्या, पुढच्या सगळ्या सूचना त्यातूनच येतात.

अ‍ॅपलनं २०१३ मध्ये आयफोन ५एसच्या ए७ चिपमध्ये 'सिक्युअर एन्क्लेव्ह' नावाचा, किल्ल्या सांभाळणारा स्वतंत्र भाग आणला. आजच्या चिपमध्ये कारखान्यातच एक गुप्त आकडा पक्का होतो, प्रत्येक चिपचा वेगळा. तो बाहेरून वाचता येत नाही आणि कंपनीकडेही त्याची नोंद नसते. हा आकडा आणि तुमचा पासकोड मिळून डेटाची किल्ली तयार होते. मॅकमध्ये हे काम २०१७ च्या शेवटी आयमॅक प्रोमधल्या टी२ चिपनं हाती घेतलं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आल्यावर ते थेट मुख्य चिपमध्ये गेलं. गुगलनं २०१८ मध्ये पिक्सेल ३ सोबत अशाच कामाची 'टायटन एम' चिप आणली. विंडोज ११ ला २०२१ पासून टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग) लागतं, पण तिथे चिप एकाची, लॅपटॉप दुसऱ्याचा आणि विंडोज तिसऱ्याचं, म्हणून त्याचे प्रश्नही वेगळे. त्यावर पुढे येतेच.

या जोडणीचा फायदा आकड्यांत बघा. पासकोडचा प्रत्येक अंदाज त्याच फोनच्या त्याच चिपवर तपासावा लागतो आणि एका तपासणीला सुमारे ८० मिलिसेकंद लागतील अशी रचना अ‍ॅपलनं केली आहे. चुकीच्या अंदाजांनंतरची सक्तीची थांबवणूक कुणी चुकवलीच असं धरा. चार आकडी पासकोडच्या दहा हजार शक्यता सव्वा तेरा मिनिटांत संपतात. सहा आकडी एका दिवसाच्या आत. पण इंग्रजी लहान अक्षरं आणि आकडे मिसळून सहा चिन्हांचा पासकोड ठेवला, तर सगळ्या शक्यता तपासायला साडेपाच वर्षं लागतात. एवढी भारी चिप विकत घेऊन त्यावर १२३४ ठेवणारे रोज भेटतात, आणि मला मनापासून वाईट वाटतं.

घेण्याआधी

चिपमधली चूक अपडेटनं दुरुस्त होतेच असं नाही. २०१९ मध्ये 'चेकमेट' नावाची फट उघड झाली. आयफोन ४एसपासून आयफोन एक्सपर्यंतच्या चिपच्या अगदी सुरुवातीच्या, कायमच्या कोरलेल्या कोडमध्ये ती आहे आणि त्या फोनमध्ये ती कायम राहणार. म्हणून ते फोन स्वस्तात मिळाले तरी बँकेच्या कामाला घेऊ नका. आयओएस २६ (आयफोनची सिस्टीम) आयफोन ११ पासून पुढेच चालतं, तेव्हा सेकंड हँड घ्यायचाच तर ११ च्या खाली जाऊ नका. पिक्सेल घेत असाल तर ८ पासून पुढच्या फोनना सात वर्षं अपडेट देण्याचं गुगलचं आश्वासन आहे. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा हा आकडा आधी बघा.

जुना फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा. 'केवायएम' (इंग्रजीत KYM), एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. चोरीला गेला म्हणून ब्लॉक केलेला फोन तिथेच कळतो. मग विकणाऱ्याला तुमच्यासमोर फोन पूर्ण इरेज करायला लावा आणि 'हॅलो'च्या पडद्यापासून होम स्क्रीनपर्यंत वायफायवर सेटअप करून बघा. मधे कुणा दुसऱ्याचं अ‍ॅपल खातं मागितलं, तर फोन टेबलावर ठेवा आणि उठा. "पासवर्ड उद्या पाठवतो" यावर पैसे देऊ नका. ते कुलूप माझ्यासारखीकडून उघडत नाही. सेटिंग्जमधल्या 'जनरल', 'अबाउट' खाली कोणते पार्ट बदलले तेही दिसतं. कंपन्यांनी काढून टाकलेले मॅक घेताना सेटअपमध्ये 'रिमोट मॅनेजमेंट'चा पडदा आला, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे असं समजा.

आणि स्टोरेज. बहुतेक मॅकमध्ये आणि सगळ्या आयफोनमध्ये ते नंतर वाढवता येत नाही. पैसे कमी असतील तर छोटं स्टोरेज घ्या, पण उरलेल्या पैशात एक बाहेरून जोडायची एसएसडी ड्राइव्ह घ्याच.

पहिल्या संध्याकाळी

पासकोड बदलताना 'पासकोड ऑप्शन्स' दाबा आणि 'कस्टम अल्फान्यूमेरिक' निवडा. एखादा मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत, मधे आकडे. गाडीचा नंबर नको, मुलांची जन्मतारीख नको. चेहऱ्यानं किंवा बोटानं फोन उघडत असल्यामुळे तो दिवसातून फार वेळा टाइप करावा लागत नाही. एसटी स्टँडवर, बाजारात, पासकोड टाइप करणं टाळा. मागून बघून पासकोड लक्षात ठेवायचा आणि मग फोन पळवायचा, ही चोरीची पद्धतच आहे. त्यावर जानेवारी २०२४ पासून आयफोनमध्ये 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आहे, 'फेस आयडी अँड पासकोड'मध्ये. ते चालू असलं की ओळखीच्या जागेबाहेर अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड बदलायला चेहरा लागतो, मग तासभर थांबावं लागतं, मग पुन्हा चेहरा. नुसता पासकोड पुरत नाही. 'ऑलवेज' निवडलंत तर घरीही हाच नियम लागतो. मी तेच सुचवते.

मॅकवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये फाइलव्हॉल्ट चालू आहे का बघा. एम मालिकेतल्या चिपवर डेटा तसाही कूटबद्धच असतो, पण फाइलव्हॉल्ट बंद असेल तर तो उघडायला चिप एकटी पुरते, तुमच्या पासवर्डची गरज पडत नाही. चालू केल्यावर पासवर्डशिवाय किल्ली तयारच होत नाही. रिकव्हरी की (पासवर्ड विसरलात तर डेटा उघडणारा लांब कोड) कागदावर लिहा आणि घरातल्या कपाटात, कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर तिचा फोटो ठेवू नका.

विंडोजवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्या. नव्या लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बऱ्याचदा आपोआप चालू होतं आणि ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाते. कोणाच्या खात्यात? ज्यानं सेटअप केलं त्याच्या. आपल्याकडे लॅपटॉप दुकानातच "रेडी करून" देतात आणि घाईत दुकानातल्याच कुणाचा तरी ईमेल टाकतात. पुढे बोर्ड बदलला, टीपीएम बदललं, की निळ्या पडद्यावर की मागतात आणि मालकाकडे ती नसते. तिथे एसएसडी बहुतेकदा वेगळी निघते, म्हणून की असेल तर मी दुसऱ्या यंत्रात डेटा काढून देऊ शकते; की नसेल तर काहीच नाही. म्हणून आजच आपल्या खात्यात लॉगिन करून रिकव्हरी की दिसते का बघा, आणि दिसली की उतरवून घ्या.

बॅकअप, आणि तो का

एम मालिकेतला एखादा बोर्ड मेला की मी काय करते ते सांगते, म्हणजे बॅकअपचा आग्रह का धरते हे पटेल. चार्जर लावल्यावर यूएसबी-सी मीटरवर व्होल्टेज पाचवरून वीसवर चढायला हवं. चढत नाही. मुख्य पॉवर लाइनला मल्टिमीटर लावला तर शॉर्ट. मग त्या लाइनला बाहेरून एक व्होल्ट द्यायचा आणि थर्मल कॅमेऱ्यातून बघायचं. मोहरीच्या दाण्याहून लहान एखादा कपॅसिटर पिवळा पेटलेला दिसतो. तो हॉट एअरनं काढला, दुसरा बसवला, की मीटर वीसवर जातो आणि लॉगिनचा पडदा येतो. पासवर्ड मालकानंच टाकायचा. आयफोनचा बोर्ड वाकलेला असेल तर सीपीयू (मुख्य चिप), नँड (साठवणीची चिप) आणि ईईप्रॉम (छोटी मेमरी चिप) हे तिघं उचलून डोनर, म्हणजे दुसऱ्या चांगल्या बोर्डवर बसवावे लागतात, कारण त्या तिघांची गाठ सुटत नाही. आणि मुख्य चिपलाच तडा गेला असेल तर तिथे काम संपतं. नँड शाबूत असली तरी तिच्यातला मजकूर कुणालाही वाचता येत नाही, त्यात बनवणारी कंपनीही आली. समोर बसलेल्या माणसाला वडिलांचे शेवटचे व्हिडिओ गेले असं सांगावं लागतं, तेव्हा माझ्याकडे दुसरा शब्द नसतो.

तेव्हा बाहेरच्या एसएसडीवर टाइम मशीन (मॅकमधली बॅकअपची सोय), 'एन्क्रिप्ट बॅकअप'वर खूण करून. आयफोनचा बॅकअप कॉम्प्युटरवर घेत असाल तर 'एन्क्रिप्ट लोकल बॅकअप' निवडा. सेव्ह केलेले पासवर्ड आणि आरोग्याची माहिती त्याशिवाय बॅकअपमध्ये येत नाही. ती एसएसडी पूररेषेतल्या घरात तळमजल्यावर ठेवू नका. सांगली-कोल्हापूरकरांना याचं कारण सांगायला नको.

चिपच्या बाहेर पडलेला डेटा

चिपची राखण यंत्राच्या आतच. आयक्लाउड बॅकअप, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरचा बॅकअप, मूळ सेटिंगमध्ये अशा पद्धतीनं ठेवला जातो की त्याची किल्ली अ‍ॅपलकडेही असते. म्हणजे पासवर्ड विसरलात तर ते मदत करू शकतात, आणि कायद्यानं मागितलं तर देऊही शकतात. २०१६ मध्ये सॅन बर्नार्डिनो हल्ल्याच्या तपासात एफबीआयनं एका आयफोन ५सीचं कुलूप कमजोर करणारं सॉफ्टवेअर मागितलं आणि अ‍ॅपलनं नकार दिला, हे सगळ्यांना आठवतं. त्याच खात्याचे आयक्लाउडवरचे जुने बॅकअप अ‍ॅपलनं दिले होते, हे फार जणांना माहीत नसतं.

यावर उपाय 'अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन'. सेटिंग्जमध्ये वर आपल्या नावावर दाबा, आयक्लाउडमध्ये जा, तळाशी सापडेल. ते चालू केलं की बॅकअप, फोटो, नोट्स यांच्या किल्ल्या फक्त तुमच्या यंत्रांत राहतात. मेल, कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर मात्र यात येत नाहीत. त्याआधी 'रिकव्हरी कॉन्टॅक्ट' म्हणून घरातला एक भरवशाचा माणूस नेमा किंवा २८ चिन्हांची की लिहून ठेवा, कारण यानंतर कंपनी खरोखर हात वर करते. ब्रिटनमध्ये सरकारी दबावानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या वापरकर्त्यांसाठी ही सोय काढून घेतली गेली. तिकडे मुलंबाळं असतील तर त्यांना घरच्या एसएसडीचाच मार्ग सांगा.

व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वेगळा. 'चॅट्स', 'चॅट बॅकअप', आणि 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू करा. अँड्रॉइडवरही हेच.

एकाच कंपनीच्या हातात यंत्र आणि सॉफ्टवेअर दोन्ही असण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑगस्ट २०२१ मध्ये अ‍ॅपलनं आयक्लाउडवर जाणारे फोटो फोनमध्येच तपासण्याची योजना जाहीर केली. हेतू मुलांच्या संरक्षणाचा होता. जगभरातून विरोध झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती सोडून दिली. पण नियम एका अपडेटनं बदलू शकतात हे त्यातून दिसलं. तरीही ज्या कुटुंबाला तांत्रिक गोष्टींत पडायचं नाही त्याला मी असंच एकजीव यंत्र सुचवते, कारण वेळेवर येणारं अपडेट हीच त्यांची खरी राखण आहे. ज्यांना शिकायची तयारी आहे त्यांनी पिक्सेलवर ग्राफीनओएस वापरून बघावं. चिप तीच, पण वरची सिस्टीम गुगलच्या सेवांशिवाय आणि कुणालाही तपासता येईल अशी.

पत्रकार, कार्यकर्ते, वकील यांच्यासाठी 'लॉकडाउन मोड' आहे; फोनच्या काही सोयी बंद करून तो हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा रस्ता अडवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतातल्या काही विरोधी नेत्यांना आणि पत्रकारांना अ‍ॅपलकडून धोक्याच्या सूचना आल्या होत्या. असं काम करत असाल तर तो चालू करा, थोडी गैरसोय सोसा.

अ‍ॅप आणि मराठी कीबोर्ड

चिप कितीही पक्की असो, परवानगी तुम्हीच दिलीत तर ती काही करू शकत नाही. मराठी लिहायला म्हणून कुठलासा कीबोर्ड घेतात आणि 'अलाउ फुल अ‍ॅक्सेस'वर दाबतात. त्या परवानगीनंतर तुम्ही टाइप केलेलं तो कीबोर्ड बाहेर पाठवू शकतो. पासवर्डच्या चौकटीत आयफोन स्वतःचाच कीबोर्ड आणतो, पण आईला पाठवलेला संदेश, डॉक्टरांना लिहिलेलं दुखणं, हे सगळं उघडं. गरजच नाही त्याची. आयफोनमध्ये मराठीचा कीबोर्ड आहेच, आणि आयओएस १८ पासून इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सोयही आहे. सेटिंग्जमध्ये 'जनरल', 'कीबोर्ड', 'अ‍ॅड न्यू कीबोर्ड', मराठी. मग जुना काढून टाका.

झटपट कर्जाच्या अ‍ॅपनी संपर्कयादी उचलून नातेवाइकांना फोन केल्याच्या तक्रारी गावोगावी झाल्या. सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या अ‍ॅपला संपर्कयादी, फायली, कॉल लॉग यांना हात लावायची मुभा नाही. तरीही मागितलं तर ते अ‍ॅप तिथेच काढा. इतर अ‍ॅपना आयओएस १८ मध्ये मोजकेच संपर्क दाखवता येतात. 'आस्क अ‍ॅप नॉट टू ट्रॅक' दाबायला कचरू नका, अ‍ॅप बंद पडत नाही. आणि 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'च्या तळाशी 'अ‍ॅप प्रायव्हसी रिपोर्ट' चालू करून आठवड्यानं बघा: कोणत्या अ‍ॅपनं लोकेशन किती वेळा बघितलं, कुठल्या कुठल्या सर्व्हरशी ते बोललं, सगळी यादी मिळते.

दुरुस्तीला देताना

दुकानात जॉब कार्डवर पासकोडचा रकाना असतो. तो रिकामा सोडा. माझ्या कार्डवर तो रकानाच नाही. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पोर्ट यासाठी पासकोड लागत नाही. शेवटची तपासणी मालकासमोर होते, फोन मालक उघडतो. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' आहे आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड'. ते लावून दिलंत की कारागिराला फोन तपासता येतो, तुमचे फोटो-चॅट दिसत नाहीत. आयफोनमधल्या 'रिपेअर स्टेट'चं काम वेगळं आहे. त्यामुळे 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद न करता फोन दुरुस्तीला देता येतो, पण डेटा झाकला जात नाही. काही कारणानं पासकोड द्यावाच लागला, तर फोन हातात आल्याबरोबर बदला.

फेस आयडीचा भाग चिपशी जोडलेला असतो. दुसऱ्या फोनचा तसाच भाग बसवला तर बऱ्याच आयफोनमध्ये फेस आयडी चालत नाही. २०१६ मध्ये बाहेरच्या दुकानात बोटाचा ठसा ओळखणारं होम बटण बदललेले आयफोन अपडेटनंतर 'एरर ५३' दाखवून बंद पडले होते; अ‍ॅपलनं माफी मागून ते पुन्हा सुरू करणारं अपडेट दिलं. जोडणी सुरक्षेसाठी आहे हे मला मान्य आहे, पण मालकाच्या संमतीनं ती नव्यानं करता आली पाहिजे, यावर मी ठाम आहे. म्हणून पार्ट बदलण्याआधी कारागिराला एकच विचारा: जुना भाग उघडून त्यातला मूळ सेन्सर वाचवणार का?

विकताना

टी२ किंवा एम मालिकेतला मॅक आणि आयफोन यांत 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' केलं की किल्ली नष्ट होते. डेटाचे तुकडे नँडमध्ये उरले तरी निरर्थक. त्यावर रात्रभर शून्यं लिहीत बसायची गरज नाही. टी२ नसलेल्या जुन्या इंटेल मॅकवर आधी फाइलव्हॉल्ट पूर्ण होऊ द्या, मग पुसा. विंडोजवर 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि त्यातच 'क्लीन डेटा'. त्याआधी यूपीआयची अ‍ॅप, ई-सिम आणि व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर सुरू झालेत ना, ते बघा.

पडदा फुटून फोनच चालेनासा झाला असेल, तर आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून इरेजचा हुकूम द्या. फोन इंटरनेटवर येईपर्यंत तो हुकूम लागू होत नाही, आणि तोवर 'रिमूव्ह' दाबू नका; त्यानं पुसण्याआधीच कुलूप निघून जातं. इरेज पूर्ण झाल्याचं दिसलं, की मग यादीतून फोन काढा आणि घेणाऱ्याच्या हातात द्या.